वारेचं कूळ

गाय व्याली की वासरापाठोपाठ चौकशी होते ती वारेची. पूर्ण पडली ना, एवढी खात्री झाली की ती पुरून टाकायची. माणसाच्या वारेच्याही वाट्याला याहून फारसं वेगळं काही येत नाही. आपल्याकडे सजीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज असे गट पाडले गेले तेव्हा तिच्या आवरणाची दखल निदान नावात घेतली गेली. युरोपात रेआल्दो कोलोंबो या शरीरशास्त्रज्ञाने १५५९ साली तिला लॅटिनमधलं चपट्या केकचं नाव दिलं, तोच ‘प्लासेंटा’. सुमारे अर्धा किलोचा हा अवयव बाळाची फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि आतडी यांचं काम एकटा सांभाळतो. आई आणि बाळ यांचं रक्त त्यात शेजारून वाहतं, मिसळत नाही. मधल्या पातळ थरातून प्राणवायू आणि साखर आत जाते, टाकाऊ ते बाहेर येतं. वारेचं कूळ शोधायचं तर या थरापाशीच थांबायला हवं.

या थरातल्या पेशींच्या मधल्या भिंती नाहीशा होऊन असंख्य केंद्रकांचं एकच सलग आवरण बनलेलं असतं. सांधाच नसल्यामुळे जंतूंना आणि आईच्या संरक्षक पेशींना फट सापडत नाही. पेशींना असं एकजीव करणारं प्रथिन म्हणजे सिन्सिटिन. २००० साली उलगडलं की त्याचं जनुक एका रेट्रोव्हायरसच्या कवचाचं आहे. एचआयव्हीही याच गटातला. असा विषाणू कवचातल्या प्रथिनाच्या बळावर पेशीच्या पडद्याशी एकरूप होतो आणि आपली जनुकं तिच्या डीएनएत घुसवतो. दोन-अडीच कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याही आधी, असा एक विषाणू आपल्या वानरपूर्वजांच्या बीजपेशीत शिरला आणि वारशाने आपल्यापर्यंत आला.

पण वार तर त्याहून कितीतरी जुनी, मग तिचं कूळ या विषाणूशी कसं जोडायचं? शंका रास्त आहे. मात्र उंदीर, ससा, कुत्रा, गाय यांच्या वारेतही सिन्सिटिनं आहेत आणि ती निरनिराळ्या विषाणूंकडून आलेली आहेत. जुन्या विषाणूचं काम नवा उचलत गेला, हेच अनुमान त्यामुळे पटतं. हे जनुक नुसतं अडगळीसारखं पडून नाही, याचा पुरावा २००९ सालचा: फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरातलं सिन्सिटिन-ए काढलं, तेव्हा वारेतला थर नीट जुळला नाही आणि पिल्लं गर्भातच दगावली. घोड्याच्या आणि डुकराच्या वारेत मात्र असा सलग थर नसतो, तरी शिंगरू सुखरूप जन्मतं. म्हणून सिन्सिटिनाविना वार अशक्य, असं म्हणणं चूक ठरेल. विषाणूंच्या भावकीचा वाटा तरीही उरतोच. पेग-१० हे जनुक रेट्रोव्हायरसच्या नात्यातल्या फिरत्या डीएनएपासून आलेलं आहे, आणि ते काढलं की उंदराची वार वाढत नाही. ते आपल्यात आहे, पोटाला पिशवी असलेल्या वॉलबीतही आहे. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये मात्र नाही.