झाकणाबाहेरचे तेल

सेंद्रिय शेतीच्या मेळाव्यांत आणि कृषी पदव्युत्तर प्रबंधांत एक मत आता सिद्धांताच्या थाटात वावरते: ओवा, लवंग, गवती चहा यांची सुगंधी तेले बुरशीला मारतात, ती निसर्गातली आहेत, म्हणून पिकांवरच्या रासायनिक बुरशीनाशकांची जागा ती घेतील. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, गवती चहातील सिट्रल बुरशीच्या पेशीचे आवरण फोडतात आणि पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो. घाव एकाच वेळी अनेक ठिकाणी बसत असल्याने बुरशीला प्रतिकार कमावणेही अवघड जाते. कार्बेन्डाझिमसारख्या एकाच जागी मारा करणाऱ्या औषधाला ती सहज सरावते. इथपर्यंत मान्य. भांडण आहे ते शेवटच्या उडीशी.

पुरावा कुठून येतो पाहा. काचेच्या बशीत आगराचे माध्यम, त्यात मिसळलेले तेल, मधोमध बुरशीची ५ मिलिमीटरची चकती, २७-२८ अंश तापमान, आठवडाभर बंद. तुलनेसाठी ठेवलेली, तेल नसलेली बशी बुरशीने भरली की व्हिन्सेंट यांच्या १९४७ च्या सूत्राने रोधाची टक्केवारी काढायची. १०० टक्के रोध आला की निष्कर्षाचे प्रकरण लिहायला घ्यायचे. पण तीच चकती तेल नसलेल्या माध्यमावर ठेवली तर कित्येकदा पुन्हा वाढू लागते. ती मेलेली नसते, थांबलेली असते. आणि बशीला झाकण असते. उडून जाणारे तेल त्या झाकणामुळे आत राहते, हे टक्केवारीच्या तक्त्यात दिसत नाही.

परभणीच्या शिवाराला झाकण नाही. श्रावणात सोयाबीनवर फवारलेले तेल ऊन पडले तर उडते, सर आली तर धुऊन जाते. मॅन्कोझेब पानावर थर धरून राहते, तसे हे राहत नाही. मात्रा वाढवावी तर पानच करपते, कारण आवरण वनस्पतीच्या पेशीलाही असते. अमेरिकेत लवंगेचे तेल तणनाशक म्हणून विकले जाते, ही गोष्ट आमचे प्रचारक सांगत नाहीत. शिवाय इथले जुने वैरी पानावर नाहीतच. तुरीची मर, सोयाबीनची मूळकुज, हळदीची कंदकूज ही सगळी मातीतली दुखणी. भारी काळी माती तेल शोषून धरते, जिवाणू ते पचवतात, आणि मुळाशी पोचते ते नाममात्र.

याहून मोठा आक्षेप वेगळाच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ हे जैविक मिश्रण हळद उत्पादक आवर्जून नेतात. त्यातला, रोगट बुरशीला आवरणारा ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच. त्याच्या आळवणीमागून कोणी ओव्याच्या तेलाची आळवणी केली, तर दारातल्या राखणदारालाच चोर समजून बडवल्यासारखे होईल.

खर्चाचा आक्षेप मात्र मी घेणार नाही. एकरी २०० लिटर पाण्यात हजारास एक या प्रमाणात २०० मिलिलिटर तेल लागते. गवती चहाच्या ताज्या पाल्यातून अर्धा टक्का उतारा धरला तर चाळीसेक किलो पाला. परवडेल. पण बाटलीत नेमके काय आहे? खानदेशाच्या रोशा गवताचेच उदाहरण घ्या. मोतिया प्रकाराच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, सोफिया प्रकाराचे तेल निराळे, आणि उभे गवत पाहून दोन्ही ओळखता येत नाहीत. कोणी मध्येच निंबोळी तेलाचा दाखला देतो. ते घाण्याचे, न उडणारे तेल आहे, त्याचा या वादाशी संबंध नाही. आणि ‘नैसर्गिक’ म्हणाल तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विषही नैसर्गिकच.

मग या तेलांना मोडीत काढायचे का? नाही. युरोपीय संघाने २०१३ मध्ये युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल यांना मान्यता दिली, आणि द्राक्षावरच्या करड्या बुरशीसाठी तिघांचे मिळून औषधही निघाले. पण त्यात तेल उघडे नाही. यीस्टच्या रिकाम्या पेशींत कोंडलेले आहे. म्हणजे तिथे झाकण मुद्दाम घडवावे लागले. आपल्याकडे ते घरातच आहे: पत्र्याची घट्ट कोठी. काढणीच्या पावसात सापडलेल्या ज्वारीवर, भुईमुगावर अस्परजिलस ही बुरशी चढते, तिथे बंदिस्त वाफ थोडक्या मात्रेत काम करू शकते. बनारस हिंदू विद्यापीठात एन. के. दुबे आणि सहकाऱ्यांनी साठवणीतल्या बुरशी व अफ्लाटॉक्सिनविरुद्ध या तेलांवर दीर्घकाळ काम केले आहे. आपल्याकडचा प्रयोगाचा पैसा शिवारापेक्षा कोठीकडे वळायला हवा. अर्थात दाणे आधी खडखडीत वाळलेले हवेत. ओल्या धान्याला कुठलीच वाफ तारणार नाही. आणि कोठीत बियाणे असेल तर आधी मूठभर दाण्यांना वाफ देऊन त्यातले १०० ओल्या गोणपाटात उगवून पाहावेत. सोयाबीनचे ७० उगवले नाहीत, तर ती वाफ बियाण्याच्या कामाची नाही.