फुगा नेमका कुठे उतरला? वाऱ्याची साक्ष

26 नोव्हेंबर 2005. विजयपत सिंघानिया, वय 67, सकाळी मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून उडाले आणि 21,027 मीटर उंची गाठून आले. पेर लिंडस्ट्रँड यांनी 1988 मध्ये केलेला 19,811 मीटरचा विक्रम मोडला. हे तुम्हाला सामान्यज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. मला रस आहे तो ते उतरले कुठे यात.

इंग्रजीत फिरणारी एक नोंद म्हणते, मुंबईच्या दक्षिणेला 240 किलोमीटरवर, 'पंचाळे' इथे. आता नकाशा उघडा. मुंबईपासून दक्षिणेला एवढं गेलात तर रत्नागिरीच्या आसपास पोहोचाल. पंचाळे मात्र सिन्नर तालुक्यात आहे, नाशिक जिल्ह्यात. म्हणजे ईशान्येला, आणि सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आतच. माझ्या परतूरहून पाहिलं तर जवळजवळ सरळ पश्चिमेला, दोनशेएक किलोमीटरवर. (मीही ते 'दक्षिणेला' एकदा डोळे झाकून टिपून घेतलं होतं, हे कबूल करतो.)

इथे वारा साक्षीला येतो. फुग्याला सुकाणू नसतं. वैमानिक फक्त वर-खाली होतो आणि हव्या त्या दिशेचा थर शोधतो. हिवाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रावर दहा-पंधरा किलोमीटर उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे असतात. मुंबईहून निघालेला फुगा घाट ओलांडून पूर्वेकडे सरकणं याच्याशी जुळतं. रत्नागिरी जुळत नाही.

पण खरा धोका असतो जमिनीजवळ. पहाटे थंड हवा जमिनीलगत निवांत पडून असते, काहीशे मीटर वर मात्र वारा पळत असतो. ऊन चढलं की हवा ढवळते आणि वरचा वेग खाली येतो, झोत उठतात. म्हणून सहलीचे फुगे भल्या सकाळीच उडवून उतरवतात. एकवीस किलोमीटर वर जाऊन परतायला तास लागतात, त्यामुळे सिंघानियांना ती सोय नव्हती. टेकल्यावर फुगा शिडासारखा वारा धरतो. अशा वेळी माथ्यावरची झडप दोर ओढून उघडायची, गरम हवा झटकन सोडायची. उशीर झाला की टोपली फरफटत जाते.

ऑक्टोबर 1863 मध्ये पॅरिसचा छायाचित्रकार नादार याच्या 'ले जेआं' या वायूच्या अजस्र फुग्याचं हेच झालं. जर्मनीत हॅनोव्हरजवळ वाऱ्याने तो शेतांतून फरफटत नेला, नांगर टिकले नाहीत, नादारची बायकोही जखमी झाली. त्या उतरण्यावर भरपूर लिहिलं गेलं, चित्रं निघाली. अपघाताची कागदपत्रं तयार होतात. सुखरूप उतरलेल्या फुग्याच्या वाट्याला एक गावाचं नाव येतं, आणि तेही चुकीच्या दिशेला.

तेव्हा विषय शोधत असाल तर हा घ्या. आधी हवामान खात्याच्या त्या दिवसाच्या वरच्या वाऱ्यांच्या नोंदी मागा. मग नाशिकच्या मराठी दैनिकांचे 27 नोव्हेंबरचे अंक काढा. त्यानंतर पंचाळ्याला जा. तिथे विक्रमाचं विचारू नका. फुगा कुणाच्या रानात टेकला, तेव्हा पीक कोणतं उभं होतं, टोपली टेकल्यावर किती घसरली आणि वारं कुठून होतं, एवढं विचारा. शेतकऱ्याला वाऱ्याची दिशा बरोबर आठवते.