नागीण: आग आणि खाज कमी करायला घरात काय करावे, डॉक्टरकडे कधी जावे

अंगाच्या एकाच बाजूला, पाठीपासून पोटाकडे किंवा छातीकडे पट्ट्यासारखे पाणीदार फोड येतात आणि आत आग आग होते, त्याला आपल्याकडे नागीण म्हणतात. डॉक्टर हर्पीज झोस्टर म्हणतात. मीरा रोड, नया नगर, काशिमीरा, भाईंदर इथल्या आपल्या घरांत कोकणातून, मराठवाड्यातून आणि उत्तरेकडून आलेली माणसे एकत्र राहतात, त्यामुळे याला नावेही वेगवेगळी आहेत. उत्तरेकडचे लोक म्हणतात, "मकडी फिर गई". युनानीत 'नमला' हा शब्द आहे, अरबीत त्याचा संबंध मुंगीशी आहे. झोस्टर म्हणजे ग्रीक भाषेत कमरपट्टा. कुणाला साप दिसला, कुणाला कोळी, कुणाला मुंगी. पण यात सापाचा किंवा कोळ्याचा काही संबंध नाही. हा एक विषाणू आहे.

हे होते कसे?

लहानपणी ज्यांना कांजिण्या झाल्या, त्यांच्या अंगातून तो विषाणू पूर्ण जात नाही. फोड सुकतात, पण विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत झोपून राहतो. वय वाढले, शुगर वाढली, मोठे आजारपण आले, कॅन्सरची किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू झाली की तो पुन्हा जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून फोड एकाच बाजूला आणि पट्ट्यात येतात. पन्नाशीनंतर हा त्रास जास्त दिसतो, पण तरुणांनाही होतो.

बऱ्याचदा फोडांच्या आधी एक ते पाच दिवस नुसतेच दुखते, चटचटते, मुंग्या येतात. तेव्हा घरात कुणी गॅस म्हणतो, कुणी मुतखडा, कुणी लचक. छातीत दुखत असेल तर "नागीणच असेल" असे स्वतः ठरवू नका, आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

तोंड आणि शेपटी जुळण्याची भीती

"नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो" हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. हे खरे नाही. नागीण एका बाजूच्या नसेवर येते, त्यामुळे ती सहसा शरीराची मधली रेघ ओलांडत नाही. प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर फोड इतरत्रही पसरतात आणि तेव्हा लगेच हॉस्पिटल गाठावे लागते, पण त्याचे कारण वेटोळे नव्हे.

या भीतीने खरे नुकसान वेगळेच होते. घरचे लोक नागीण उतरवणाऱ्याकडे धावतात, काव लावतात, दोन-चार दिवस वाट बघतात. नेमके तेच दिवस महत्त्वाचे असतात.

पहिले ७२ तास

नागिणीवर विषाणूविरोधी गोळ्या आहेत: असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत त्या सुरू झाल्या तर सर्वात चांगला उपयोग होतो. फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीचे दुखणे कमी होते. गोळ्या सहसा सात दिवस असतात. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका. तीन दिवस उलटून गेले असले तरी डॉक्टरकडे जाच. नवे फोड येत असतील तर ते तेव्हाही औषध देऊ शकतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. असायक्लोव्हिरचे मलम हे गोळीची जागा घेत नाही. आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. फोडांत पू झाला तरच डॉक्टर ते देतात.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ज्याला लोक टेंबा हॉस्पिटल म्हणतात. तिथे ओपीडीत दाखवता येते.

घरात करण्यासारखे उपाय

गोळ्या आतून काम करतात. बाहेरची आग आणि खाज आपण घरात कमी करू शकतो.

१. थंड पट्टी. स्वच्छ सुती फडका गार पाण्यात भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे फोडांवर ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा चालेल. बर्फ थेट लावू नका. फडका प्रत्येक वेळी धुतलेला घ्या.

२. कॅलामाइन लोशन. मेडिकलमध्ये सहज मिळते. फुटलेल्या फोडांवर आणि डोळ्यांजवळ लावू नका.

३. ओट्सचे पाणी. साधे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमध्ये बारीक करून कोमट पाण्यात मिसळा आणि ते अंगावरून हळू ओता. खाज शमते. नंतर टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. बाथरूममध्ये लादी निसरडी होते, म्हाताऱ्या माणसाला धरून ठेवा.

४. आंघोळ. नागिणीत पाणी लावू नये हा गैरसमज आहे. रोज कोमट किंवा गार पाण्याने हलक्या हाताने धुवा. कढत पाणी नको, त्याने खाज वाढते.

५. कपडे. ढिले, सुती घाला. आपल्याकडच्या दमट हवेत सिंथेटिक कुर्ता किंवा अबाया अंगाला चिकटतो. कमरेवर नागीण असेल तर सलवारीचा नाडा किंवा इलॅस्टिक फोडांवर येऊ देऊ नका.

६. नखे कापा. रात्री झोपेत खाजवले जाते. फोड फोडू नका. फोडल्याने जखम पिकते आणि डाग राहतो.

७. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या प्रमाणात. लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा. झोप लागू नये इतके दुखत असेल तर सहन करत बसू नका. नसेच्या दुखण्याची गोळी वेगळी असते, ती डॉक्टर देतात.

काय लावू नये

काव, चुना, टूथपेस्ट, राख, मेहंदी, लसणाचा रस आणि "मेडिकलवाल्याने दिलेली" स्टेरॉइडची ट्यूब, यांपैकी काहीही नको. चुना आणि लसूण कातडी भाजतात. काव वाळून चिकटते, खाली काय चालले आहे ते डॉक्टरला दिसत नाही.

कलौंजी आणि मध यांना आपल्या घरांत मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. खाण्यात खुशाल ठेवा, शुगर असेल तर मध जपून. पण उघड्या फोडांवर कलौंजीचे तेल चोळू नका. दम करून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, दुआ करा, पण त्याच दिवशी डॉक्टरकडेही जा. इलाज करण्याची शिकवण आपल्याला हदीसमधूनच मिळाली आहे.

नमाज, वुजू, रोजा

साध्या पाण्याने वुजू केल्याने नागीण बिघडत नाही. पण चेहऱ्यावर किंवा हातावर फोड असतील आणि पाण्याने त्रास होत असेल तर मसह आणि तयम्मुमची सवलत आहे. आपल्या आलिमांना विचारून घ्या. सज्दा करताना फार दुखत असेल तर बसून, इशाऱ्याने नमाज पढता येते. असायक्लोव्हिर दिवसातून अनेक वेळा आणि भरपूर पाण्यासोबत घ्यावी लागते. रमजानमध्ये त्रास झाला तर आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. गोळी चुकवू नका.

घरातल्या इतरांनी काय जपावे

नागीण एकाची दुसऱ्याला लागत नाही. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत किंवा लस मिळालेली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोडांवर खपल्या धरेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, फोड सैल सुती कपड्याने झाका, टॉवेल आणि चादर वेगळी ठेवा, हात धुवा. गरोदर बाई, तान्हे बाळ आणि केमोथेरपी चालू असलेला माणूस यांना दूर ठेवा. दादी-नानीने त्या दिवसांत नातवंडाला कुशीत घेऊन झोपू नये. दादी-नानीला वाळीत टाकायचीही गरज नाही. एका खोलीत बसा, बोला, जेवा.

ताबडतोब हॉस्पिटल कधी?

- कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर. डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा.
- कान दुखून त्यात फोड आले, तोंड वाकडे झाले किंवा ऐकू कमी आले तर.
- फोड अंगभर पसरले, जोराचा ताप आला, मान आखडली किंवा माणूस बरळायला लागला तर.
- रुग्ण गरोदर असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर.

फोड गेले, दुखणे राहिले

नागीण साधारण दोन ते चार आठवड्यांत बरी होते. पण काहींना, विशेषतः साठीनंतर, त्या जागी महिनोन्महिने जळजळते. कपड्याचा स्पर्शही नको वाटतो. घरच्यांना वरून काही दिसत नाही, म्हणून "अब्बा उगाच कण्हतात" असे वाटते. ते उगाच नाही, ती नस दुखावलेली आहे. यावर प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे आणि बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्या आहेत. डॉक्टरला पुन्हा दाखवा.

पन्नाशीनंतरच्या लोकांसाठी शिंग्रिक्स नावाची लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असतात. लस महाग आहे आणि सरकारी मोफत लसीकरणात नाही. ज्यांना झेपते आणि ज्यांच्या घरात शुगरचे वयस्कर रुग्ण आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरशी बोलावे. आता आलेल्या नागिणीवर ती इलाज नाही, पुढची टाळण्यासाठी आहे.

थोडक्यात, थंड पट्टी आजच ठेवा आणि डॉक्टरकडेही आजच जा. शिफा देणारा अल्लाह आहे, वेळेवर इलाज करणे आपल्या हातात आहे.