नवसापासून हमीपत्रापर्यंत

देवगड तालुक्यांतील कुणकेश्वराचें शिवमंदिर ऐन समुद्रकिनाऱ्यावर उभें आहे. तेथील आख्यायिका अशी कीं, एका परदेशीय व्यापाऱ्याचें गलबत वादळांत सांपडलें. दूरवर त्याला मंदिरांतील दीप दिसला, आणि सुखरूप तीरास लागलों तर देवालय बांधीन, असा नवस त्यानें केला. इतिहासाच्या कसोटीस ही कथा उतरो वा न उतरो, व्यवहाराचें एक तत्त्व तींत स्पष्ट आहे : नवसाचें देणें संकट टळल्यावर द्यावयाचें असतें.

व्यापाऱ्यांनीं हेंच भय हिशेबांत बसविलें. याज्ञवल्क्यस्मृतींत गहाण घेऊन दिलेल्या कर्जावर दरमहा शेंकडा सव्वा व्याज सांगितलें आहे. अरण्यांतून जाणाऱ्याकडून मात्र १० आणि समुद्रावर जाणाऱ्याकडून २०. हा फरक म्हणजे धोक्याचें मोल. पुढें पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारांत जोखमी हुंडी रूढ झाली. माल पाठविणारा माल घेणाऱ्यावर हुंडी लिही व ती सराफास विकून पैसा ताबडतोब मिळवी. गलबत बंदरास लागलें तर सराफास हुंडीची पूर्ण रक्कम मिळे. तें बुडालें तर नुकसान सराफाचें. युरोपांत जिनोआ येथील १३४७ सालचा करार सागरी विम्याचा जुना दाखला मानतात. विम्यांत हप्ता आधीं भरावयाचा, आणि संकट न आलें तर तो परत मागावयाचा नाहीं. नवसाचा क्रम येथें उलटला.

आज कुणकेश्वराच्या परिसरांतील आंबा गलबतानें नव्हे, तर ट्रकनें वाशीच्या बाजारास जातो. नवा ट्रक घेणाऱ्यापुढें विक्रेता आणखी एक कागद ठेवतो : मूळ हमीची मुदत संपल्यावरहि चालू राहणारी वाढीव हमी, अर्थात् जादा पैसे भरून. येथें शब्दांचा घोळ होतो. अपघात, चोरी, आग यांची भरपाई विमा करतो. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तर १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा केला. हमी ही यंत्राच्या घडणींतील दोषापुरतीच असते. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांतहि शर्त आणि हमी यांत भेद केला आहे : शर्त मोडल्यास माल नाकारतां येतो, हमी मोडल्यास केवळ भरपाई मागतां येते.

मग वाढीव हमी घ्यावी कीं नाहीं? येथें सराफाचें गणित उपयोगी पडतें. त्याच्याजवळ अनेक हुंड्या असत. एक बुडाली तरी इतरांच्या नफ्यांतून ती भरून निघे. ज्याच्या पदरीं दहा ट्रक आहेत तो स्वतःच स्वतःचा सराफ होय. हमीची रक्कम त्यानें दुरुस्तीसाठीं बाजूस ठेविली तर बहुधा त्यांतच निभावतें. परंतु ज्याचें घर एकाच ट्रकवर, आणि तोहि कर्जानें घेतलेल्या, चालतें, त्याला ऐन मोसमांत इंजिन बंद पडणें म्हणजे गलबत बुडणेंच. त्यानें वाढीव हमी घेणें शहाणपणाचें ठरूं शकेल; मात्र कागद पूर्ण वाचून. क्लचची प्लेट, ब्रेकचे लायनर, टायर अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा हमीबाहेर असतात. खाऱ्या वाऱ्यानें चढणारा गंजहि पुष्कळदां वगळलेला असतो. ठराविक मुदतीस अधिकृत ठिकाणीं सर्व्हिसिंग न केल्यास हक्क जाऊं शकतो. आणि ट्रक उभा राहिल्यामुळें बुडालेलें भाडें बहुधा कोणीच देत नाहीं.

नवस फेडतांना त्या व्यापाऱ्यास आपल्या पदरांत काय पडलें हें ठाऊक होतें. हमीचे पैसे भरतांना तें ठाऊक नसतें. म्हणून आपण काय विकत घेत आहों हें सही करण्यापूर्वींच जाणून घेणें, एवढें एकच सावधपण ग्राहकाच्या हातीं उरतें.