न खेळलेली बरोबरी

बुद्धिबळाचा डाव बरोबरींत सुटला म्हणजे दोघांनींहि शिकस्त केली व कोणीच हटला नाहीं, असें आपण समजतों. १९३९ सालीं ब्यूनॉस आयर्स येथील ऑलिंपियाडमध्यें नोंदल्या गेलेल्या कांहीं बरोबऱ्यांना मात्र हा अर्थ लावतां येत नाहीं.

स्पर्धा चालू असतांनाच १ सप्टेंबर रोजीं जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली. इंग्लंडचा संघ मायदेशीं परतला. उरलेल्या शत्रुराष्ट्रांनीं एका पटाशीं बसावें कसें? अखेर जर्मनी-पोलंड, जर्मनी-फ्रान्स यांसारखे सहा सामने एकहि प्यादें न हलवितां, चारापैकीं दोन-दोन गुण वांटून मिटविण्यांत आले. शेवटीं जर्मनीचे ३६ गुण झाले, पोलंडचे ३५½. अंतर अर्ध्या गुणाचें, म्हणजे एका बरोबरीच्या डावाच्या मोलाचें! तो एक सामना पोलंडनें अडीच विरुद्ध दीड असा जिंकला असता, तर अजिंक्यपद त्याचें होतें.

या तोडग्यानें प्रसंग निभावला, यांत शंका नाहीं. परंतु बरोबरी ही दोघांनीं झुंजून मिळवावयाची वस्तु आहे. ती वांटून देतां येत नाहीं. पुढें विजेत्या जर्मन संघाचे पांचहि खेळाडू दक्षिण अमेरिकेंतच राहिले. पोलंडचा नायडॉर्फहि तेथेंच राहिला. मायदेशीं असलेलें त्याचें कुटुंब ज्यूंच्या संहारांत बळी पडलें. त्या हिशेबाची बरोबरी कोणत्याहि गुणपत्रकांत होणें नव्हतें.