हत्यार कायदा आणि घरचा उंबरठा

१८७८ चा हत्यार कायदा झाला तेव्हा आमचे अनगोळ मुंबई इलाख्यात होते. त्या कायद्यामागे प्रजेच्या बंडाची धास्ती होती. घरातल्या बाईच्या जिवाचा विचार नव्हता. १९५९ च्या कायद्याने पीकरक्षणासाठी बंदुकीची वाट ठेवली आणि हिंसेच्या गुन्ह्यात कैद भोगलेल्यास पुढे पाच वर्षे मनाई केली. पण शिक्षा होईपर्यंत बाईने काय करावे? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिच्यासाठी संरक्षण-आदेश आणला. त्याची प्रत पोलीस ठाण्यास जाते. परवाना अधिकाऱ्यास पाठविण्याची तरतूद त्यात नाही. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना रद्द करण्याचा अधिकार मात्र त्याच्याच हाती! सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस वाटते, एवढा एक कागद त्या टेबलापर्यंत पोहोचलाच पाहिजे.