चार महिने न लागलेला निकाल

गेल्या लोकसभेच्या निकालानंतर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून दोन माणसं बाहेर पडली. एक काका आणि एक आतेभाऊ. दोघांचे पक्ष वेगळे, पण तक्रार एकच: "आपल्या मताला काही किंमतच नाही." गंमत म्हणजे ज्याचा उमेदवार निवडून आला होता, तोही चिडलेलाच होता. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्या गदारोळात मला दोनदा सांगितलं, "दादा, माझं नाव यादीत नव्हतंच. परत पाठवलं मला." मी दोन्ही वेळा "बघतो" म्हणालो.

त्याच दिवसांत मी जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' पुन्हा वाचायला घेतलं आणि अर्पणपत्रिकेवरच अडकलो. १८७३ सालचं हे पुस्तक फुल्यांनी अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं आहे. त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली, आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, असा त्याचा आशय. शाळेत हे वाचताना अभिमान वाटला होता. या वेळी वेगळाच प्रश्न पडला: पुस्तक छापून झाल्यानंतर त्या भल्या लोकांनी पुढे काय केलं?

उत्तर शोधत मी १८७६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपाशी येऊन थांबलो.

एक मत कमी

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी रद्द झाली. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी घातली. (स्त्रियांना मात्र देशपातळीवर तो मिळायला १९२० साल उजाडलं.) काल-परवापर्यंत बाजारात विकले जाणारे पुरुष आता रांगेत उभे राहून मत देत होते. मिसिसिपीसारख्या राज्यातून काळे सिनेटर वॉशिंग्टनला गेले.

हे मतदार लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाबरोबर होते. दक्षिणेतले बहुतेक गोरे डेमोक्रॅट होते. (आजची या पक्षांची ओळख इथे क्षणभर बाजूला ठेवा.) उत्तरेतल्या मतदाराला मात्र दक्षिणेच्या भांडणाचा कंटाळा यायला लागला होता. १८७३ पासून मंदी होती, कारखाने बंद पडत होते, सरकारमधले घोटाळे बाहेर येत होते.

७ नोव्हेंबर १८७६ ला मतदान झालं. रिपब्लिकनांचे रदरफर्ड हेज, डेमोक्रॅटांचे सॅम्युएल टिल्डन. सुमारे ८२ टक्के मतदान झालं. अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतला तो उच्चांक आजही मोडलेला नाही. रात्री हेज झोपायला गेले ते आपण हरलो असं समजूनच. एकूण मतांत टिल्डन अडीच लाखांच्या आसपास पुढे होते.

पण तिथे अध्यक्ष ठरतो राज्यवार निर्वाचकांच्या मतांवर. जिंकायला १८५ हवी होती. टिल्डनकडे होती १८४, हेजकडे १६५. उरलेली २० वादात होती: फ्लोरिडाची ४, लुइझियानाची ८, साउथ कॅरोलायनाची ७ आणि ओरेगनचं १. टिल्डनला यातलं फक्त एक पुरेसं होतं, हेजना वीसच्या वीस हवी होती.

दोघांचाही राग खरा

इथे मला माझे काका आणि आतेभाऊ आठवले. कारण या वादात दोन्ही बाजूंच्या मतदारांकडे रागाचं सबळ कारण होतं.

दक्षिणेत काळ्या मतदारांना उघड धमक्या दिल्या जात होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्ग गावात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं काळ्या माणसांना ठार मारलं, काहींना तर पकडल्यानंतर. लाल शर्ट घालून घोड्यांवरून फिरणाऱ्या टोळ्या सभा उधळत. मतपत्रिका सरकार नव्हे, पक्षच छापायचे, त्यामुळे कोण कोणती चिठ्ठी पेटीत टाकतो हे बघणाऱ्याला कळायचं. एजफील्ड कौंटीत तर पात्र मतदारांपेक्षा जास्त मतं निघाली. तेव्हा रिपब्लिकन म्हणत होते, "लोकांना निर्भयपणे मत देऊ दिलं असतं, तर आम्हीच जिंकलो असतो."

दुसरीकडे, या राज्यांत मतं तपासून निकाल जाहीर करणारी मंडळं रिपब्लिकनांच्या हातात होती. दहशतीचं कारण देऊन लुइझियानाच्या मंडळानं टिल्डनची हजारो मतं बाद केली. तेव्हा डेमोक्रॅट म्हणत होते, "पेटीत पडलेली मतं मोजा, आम्हीच जिंकलोय."

तिन्ही दक्षिणी राज्यांतून एकाहून अधिक निकालपत्रं वॉशिंग्टनला गेली. साउथ कॅरोलायना आणि लुइझियानात तर एकाच वेळी दोन-दोन गव्हर्नर शपथ घेऊन बसले. राज्यघटनेत एवढंच म्हटलं होतं की सिनेटच्या अध्यक्षानं दोन्ही सभागृहांसमोर निकालपत्रं उघडावीत आणि 'मग मतं मोजली जावीत'. कोणी मोजावीत? ते लिहिलेलंच नव्हतं. सिनेट रिपब्लिकनांचं, खालचं सभागृह डेमोक्रॅटांचं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. 'टिल्डन, नाहीतर रक्त' अशी घोषणा कानावर येऊ लागली. युद्ध संपून पुरती बारा वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे ती पोकळ वाटत नव्हती.

जानेवारीच्या अखेरीस काँग्रेसनं १५ जणांचा आयोग नेमला: ५ सिनेटर, ५ प्रतिनिधी, ५ न्यायमूर्ती. हिशोब असा की सात इकडचे, सात तिकडचे आणि पंधरावे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस कुठल्याच पक्षाचे नाहीत. पण नेमकं तेव्हाच इलिनॉयच्या विधिमंडळानं डेव्हिसना सिनेटवर निवडून दिलं आणि ते आयोगातून बाजूला झाले. त्यांच्या जागी आलेले जोसेफ ब्रॅडली रिपब्लिकन होते. वादातल्या प्रत्येक राज्याचा निकाल ८ विरुद्ध ७ असाच लागला. वीसही मतं हेजना.

२ मार्च १८७७ ला पहाटे निकाल जाहीर झाला. ४ मार्चला रविवार होता, म्हणून हेजनी ३ तारखेलाच व्हाइट हाऊसमध्ये गुपचूप शपथ घेतली आणि सोमवारी पुन्हा सर्वांसमोर. विरोधकांनी त्यांच्या नावातच 'फ्रॉड' घुसवून 'रदरफ्रॉड' करून टाकलं.

वर्मलीच्या हॉटेलात

डेमोक्रॅटांनी हा निकाल गिळला कसा? फेब्रुवारीच्या अखेरीस खालच्या सभागृहातले काही जण कामकाज लांबवून मोजणी अडवत होते. त्याच वेळी पडद्यामागे बोलणी सुरू होती. त्यातली गाजलेली बैठक २६ फेब्रुवारीला वॉशिंग्टनमधल्या वर्मलीज हॉटेलात झाली. या बोलण्यांचा नेमका किती परिणाम झाला, यावर इतिहासकारांत एकमत नाही. पण दक्षिणेच्या प्रतिनिधींना काय हवं होतं हे स्पष्ट होतं: अध्यक्ष तुमचा राहू द्या, आमच्या राज्यांतला लष्कराचा हात काढा. त्या हॉटेलचा मालक जेम्स वर्मली स्वतः काळा होता.

एप्रिलमध्ये हेजनी साउथ कॅरोलायना आणि लुइझियानाच्या राजभवनांभोवतीचे सैनिक बराकीत परत पाठवले. सैनिक तसे मूठभर होते, पण त्यांच्या आधारावर उभी असलेली शेवटची दोन रिपब्लिकन राज्यसरकारं कोसळली. नव्या गव्हर्नरांनी काळ्यांच्या हक्कांचं रक्षण करू असा शब्द दिला आणि हेजनी तो खरा मानला.

उत्तरेतल्या बऱ्याच लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. युद्ध टळलं, आता कामाला लागू या. टिल्डन घरी गेले, श्रीमंत आणि सुरक्षित. त्यांच्या मतदारांना हळहळ राहिली, पण पुढच्या निवडणुकीत त्यांना पुन्हा मत देता येणार होतं. दक्षिणेतल्या काळ्या मतदाराचं तसं नव्हतं. कागदोपत्री त्याचा पक्ष जिंकला होता, आणि तोच सगळ्यात मोठा पराभव घेऊन घरी गेला. १८७६ मध्येच रिपब्लिकनांच्या अधिवेशनात फ्रेडरिक डग्लस यांनी पक्षाला हा प्रश्न विचारला होता: तुम्ही आम्हाला कायद्यानं मुक्त केलंत, मत दिलंत, पण ते वापरताना आमचं रक्षण करणार आहात का?

१८७९ मध्ये हजारो काळी कुटुंबं लुइझियाना, मिसिसिपी सोडून कॅन्ससकडे निघाली. मताधिकारही एका दिवसात गेला नाही. आधी दहशत, मग मतदान-कर, मग साक्षरतेची परीक्षा. १८९६ मध्ये लुइझियानात १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते, १९०४ मध्ये उरले १,३४२. हे दार कायद्यानं पुन्हा उघडलं १९६५ च्या मताधिकार कायद्यानं.

अर्पणपत्रिकेकडे परत

फुल्यांनी ज्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं, त्यांनी अर्पणपत्रिकेनंतर अवघ्या चार वर्षांत तो अर्धवट टाकून दिला. यात फुल्यांची चूक मला दिसत नाही. १८७३ मध्ये जे घडलं होतं ते खरंच थोर होतं, आणि ज्या देशात सामान्य शूद्राला मत नव्हतं, तिथून ते अधिकच थोर दिसणार.

हा उत्तरार्ध आपल्याकडे नीट वाचला तो डॉ. आंबेडकरांनी. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, असा प्रश्नच ज्याचं नाव आहे, त्या १९४५ च्या पुस्तकात ते यादवी युद्धानंतर काळ्यांच्या वाट्याला काय आलं याकडे वळतात. मोठ्या लढाईत साथ दिली म्हणजे पुढे न्याय आपोआप मिळेल, यावर विसंबून राहता येत नाही. हमी आधीच घ्यावी लागते, ती लिहून घ्यावी लागते. स्वातंत्र्याच्या तोंडावर ते संरक्षणाचा एवढा आग्रह का धरत होते, हे मला १८७७ वाचल्यावर जास्त कळलं.

महिन्याभरानं काका ग्रुपवर परत आले. आतेभावानं त्यांना हात जोडलेला इमोजी पाठवला, आत्यानं लिहिलं, "झालं गेलं विसरा आता." सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. आमच्या भांडणात कुणाचंच काही गेलं नव्हतं, म्हणून ते विसरणंही सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे आधार कार्ड मागितलं. आम्ही ओट्याशेजारी बसून मोबाइलवर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरला. पत्त्याच्या पुराव्याशी अडलो. भाड्याची खोली, करारपत्र नाही. "राहू द्या दादा, पुढच्या वेळी बघू," मावशी म्हणाल्या. मी म्हटलं, नको, उद्या मालकाकडे जाऊ.